मासा ल्यूरमागे येतो, पण तोंड लावत नाही: पुण्याभोवतीच्या जलाशयांवरील समस्या निवारण

लक्षणे

फेब्रुवारीच्या मध्यापासून वळिवाचे दिवस संपेपर्यंत खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी किंवा भाटघर यांपैकी कोणत्याही जलाशयावर ल्यूरने, म्हणजे भक्ष्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम आमिषाने, मासेमारी करणाऱ्यांकडून एकच तक्रार ऐकू येते. मासा असतो, तो डोळ्यांना दिसतो, ल्यूरचा पाठलागही करतो. मात्र काठापासून दोन हातांवर आल्यावर कुशीवर वळतो आणि शेपटीचा एक फटकारा मारून खोल पाण्यात निघून जातो. ही तक्रार पुढील रूपांत समोर येते.

पहिले रूप वर सांगितलेलेच आहे: निव्वळ पाठलाग. दुसऱ्या रूपात काठीला टोला जाणवतो, पण गळ रुतत नाही. तिसऱ्या रूपात उजाडल्यापासून तास-दीड तास मासे लागतात आणि ऊन चढताच सारे एकदम बंद पडते. चौथे रूप हवामान बदलल्यावर दिसते: आदल्या दिवशी चाललेला ल्यूर, तीच जागा आणि तीच वेळ असूनही दुसऱ्या दिवशी काहीच घडत नाही.

मासा मुळीच दिसत नसेल, पाण्यावर वळसाही उठत नसेल, तर दोष ल्यूर वापरण्याच्या पद्धतीत नसून जागेत आहे आणि खालील तपासण्यांचा फारसा उपयोग होणार नाही.

हा दोष याच दिवसांत का उद्भवतो

बहुतेक लोक ल्यूर आणि वसंत ऋतू यांविषयीचे ज्ञान परदेशी चित्रफितींतून घेतात. तिथला वसंत म्हणजे बर्फ वितळल्यानंतर पाणी हळूहळू कोमट होण्याचा काळ. त्या दिवसांत बास जातीचे मासे विणीसाठी उथळ पाण्यात येतात आणि काठाजवळ संथपणे ओढलेल्या ल्यूरवर तुटून पडतात. आपल्याकडे गोष्ट जवळजवळ उलटी आहे. महसीर, कटला, रोहू आणि मृगळ यांची वीण पावसाळ्यातील पुराशी जोडलेली असते, त्यामुळे मार्चमध्ये हे मासे विणीसाठी काठाला येत नाहीत. चिलापी हा ठळक अपवाद. तिने चिखलात कोरलेले ताटाएवढे खळगे वर्षाचा बराच काळ उथळ पाण्यात दिसतात.

दुसरा भाग तापमानाचा आहे. फेब्रुवारीत पुण्यात पहाटे १२ ते १३ अंश आणि दुपारी ३२ अंशांच्या आसपास तापमान असते, तर एप्रिलमध्ये दुपारचा पारा सरासरीनेच ३८ अंशांच्या जवळ जातो. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास उतरते आणि पुण्याच्या उंचीवर त्याहूनही थोडे कमी भरते. पाणी तापते तशी माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. म्हणून चैत्र-वैशाखातला मासा भुकेला असूनही फार वेळ पाठलाग करण्यास राजी नसतो. तो खायचे की नाही हे चटकन ठरवतो, आणि ठरवण्यासाठी त्याला जितका अधिक वेळ द्यावा तितका नकार मिळण्याचा संभव वाढतो.

तिसरे कारण पाण्याची पातळी. पावसाळ्यानंतर गाळ बसून पाणी स्वच्छ होते आणि उन्हाळी आवर्तने सुरू झाली की ते रोज उतरू लागते. स्वच्छ आणि उतरत्या पाण्यात मासा सावध होतो.

सुरुवात करण्यापूर्वी

आपल्या भागातील अनेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. संबंधित संस्थेची परवानगी घ्यावी, धरणाची भिंत, सांडवा आणि विमोचक (पाणी सोडण्याचे दार) यांच्या जवळचा निषिद्ध भाग टाळावा आणि लावलेल्या जाळ्यांवरून ल्यूर फेकू नये. ही औपचारिकता वाटत असेल, तर एवढे लक्षात घ्यावे की पाणी कालपासून किती उतरले आणि मासा कोणत्या ओढ्याच्या तोंडाशी आहे, हे त्या संस्थेच्या मच्छीमारांइतके अचूक कोणीही सांगू शकत नाही.

बिनखर्चाच्या तपासण्या

*गळाचे टोक.* टोला बसतो पण मासा लागत नाही, या तक्रारीत सर्वांत आधी गळ पाहावा. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून किंचित ओढावे. टोक जागीच अडून नखावर बारीक पांढरी रेघ उठली, तर गळ धारदार आहे. ते गुळगुळीत घसरून गेले, तर तो बोथट झाला आहे. आपल्या जलाशयांचे काठ काळ्या बेसॉल्ट खडकाचे असल्याने दोन-चार वेळा ल्यूर दगडाला घासला की टोक मोडते, आणि ही मोड डोळ्यांना दिसत नाही. महसीरचे ओठ जाड आणि चिवट असतात, तर मरळ माशाचा जबडा हाडाळ आणि दातेरी असतो; दोन्ही ठिकाणी बोथट गळ नुसता सरकतो. बारीक कानशीने टोक पुन्हा काढता येते. तिहेरी गळाचे एक जरी टोक वाकले असेल किंवा गंज आतपर्यंत गेला असेल, तर मात्र कानस बाजूला ठेवून गळच बदलावा.

*ल्यूरची चाल.* काठाशी, पायाजवळच्या स्वच्छ पाण्यात ल्यूर हातभर अंतर ओढून पाहावा. मिनो (लांबट, लहान माशासारखा ल्यूर) किंवा क्रँकबेट (फुगीर अंगाचा, ओढल्यावर बुडी घेणारा ल्यूर) सरळ रेषेत थरथरत यावयास हवा. तो एका बाजूला पळत असेल, तर ज्या कडीला दोरा बांधतो ती कडी विरुद्ध बाजूला अगदी किंचित वाकवावी आणि पुन्हा ओढून पाहावे. पक्कड केसभरच फिरवायची असते. जास्त फिरवली की कडी ल्यूरमधून सैल होते. स्पिनरचे, म्हणजे फिरत्या पात्याच्या ल्यूरचे, पाते पहिल्या फुटातच फिरू लागते की नाही तेही पाहावे. कलंडत येणारा ल्यूर जखमी माशासारखा दिसतो, असा एक समज आहे. माझे मत असे की मंद, गढूळ पाण्यात तो कधीतरी खरा ठरतो. मार्चच्या नितळ पाण्यात नाही.

*ओढण्याचा वेग.* निव्वळ पाठलागाच्या तक्रारीत बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो, म्हणून या तपासणीला सर्वाधिक वेळ द्यावा. नितळ पाण्यात एकाच गतीने येणाऱ्या ल्यूरमागे मासा ठरावीक अंतर राखून चालतो आणि त्याला न्याहाळतो. पाठीमागची काळी सावली दिसली की माणूस नकळत हात धिमा करतो, कारण माशाला पकडण्यास अवसर द्यावा असे वाटते. वास्तविक सुटू पाहणारे भक्ष्य कधीच धिमे होत नाही. सावली दिसताच रिळाचे हँडल दोन-तीन वेटोळे झपाट्याने फिरवावे, मग क्षणभर थांबावे आणि पुन्हा चाल धरावी. धाव आणि थांबा यांच्या सांध्यावरच टोला बसतो. काठाशी आल्यावर ल्यूर थेट उचलून घेण्याऐवजी काठीचे टोक पाण्याजवळ नेऊन ल्यूरला एका बाजूला वळवावे. दिशा बदलताना त्याची कूस चमकते आणि वळण्याच्या बेतात असलेला मासा पुष्कळदा त्याच जागी झडप घालतो.

याला ऋतूची मर्यादा आहे. फेब्रुवारीच्या गार पहाटे पाणी थंड असते आणि मासा सुस्त असतो, तेव्हा संथ ओढच योग्य ठरते. एप्रिलच्या पहाटे त्याच वेळी वेग वाढवावा लागतो. मरळ मासा याहून निराळा. तो हवा घेण्यासाठी पृष्ठभागावर येतो, त्यामुळे पाणवनस्पतींच्या कडेला फ्रॉग (बेडकासारखा तरंगणारा ल्यूर) टाकल्यावर तो काही काळ निश्चल ठेवावा, आणि पाणी फुटल्यावर लगेच झटका न देता दोऱ्यावर वजन आल्याची खात्री करूनच काठी उचलावी. डोळ्यांनी पाहून दिलेला झटका फ्रॉग माशाच्या तोंडातून बाहेर काढतो. दुसऱ्या लक्षणाचे हे एक अगदी नेहमीचे कारण आहे. मरळची जोडी पिलांच्या लालसर घोळक्याभोवती फिरताना दिसली, तर तिथे फ्रॉग टाकूच नये. पालक मासा रागाने तोंड घालेल, पण तो काढून घेतला की पिले इतर माशांच्या तोंडी जातात.

*आपली चाहूल.* कोरड्या, भेगाळलेल्या गाळावरून चालताना पावलांचा हादरा पाण्यात पोहोचतो. काठापासून चार पावले मागे थांबून पहिली फेक काठाला समांतर करावी. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये.

*खोली.* ऊन चढताच सारे थांबते, हे तिसरे लक्षण बहुधा खोलीचे असते. मासा निघून गेलेला नसतो, तो खाली उतरलेला असतो, आणि आपला ल्यूर मात्र सकाळच्याच थरात चाललेला असतो. बुडणारा ल्यूर किंवा स्पून (चमच्याच्या आकाराचा धातूचा ल्यूर) पाण्यात पडल्यावर तो तळाला टेकेपर्यंत मनातल्या मनात अंक मोजावेत. समजा बाराला तळ लागला, तर पुढच्या फेकी दहा, आठ आणि सहा या अंकांवर ओढण्यास सुरुवात कराव्यात. ज्या अंकावर टोला बसेल तो ध्यानात ठेवावा आणि त्याच थरात राहावे. ल्यूरची पेटी न उघडता, एकही पैसा खर्च न करता, चार थर अशा रीतीने तपासून होतात.

वारा, पातळी आणि आभाळ

उन्हाळ्यात सकाळी पाणी बहुधा निवांत असते आणि दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. वारा ज्या काठावर आदळतो तिथे पृष्ठभागाचे पाणी घुसळले जाते, बारीक मासळी तिकडे लोटली जाते आणि मोठा मासा तिच्यामागे येतो. लाटांमुळे त्याला वरचे नीट दिसतही नाही, त्यामुळे त्याची सावधगिरी कमी होते. वाऱ्याकडे तोंड करून फेकणे त्रासाचे असते म्हणून बहुतेक जण आडोशाच्या काठावर बसतात आणि मासा नाही म्हणून कुरकुरतात. ल्यूर किंचित जड घ्यावा, फेक खालून आणि आखूड करावी, पण वाऱ्याचा काठ सोडू नये.

पातळीच्या बाबतीत कोणता जलाशय कसा वागतो ते माहीत असावे. पानशेत, वरसगाव आणि टेमघर येथून सोडलेले पाणी खडकवासल्यात येते आणि तिथून शहराला व कालव्यांना जाते. त्यामुळे वरची धरणे उतरत असताना खडकवासल्याची पातळी स्थिर राहू शकते, किंबहुना चढूही शकते. मुळशीचे पाणी सह्याद्रीपलीकडे भिरा येथील वीजनिर्मितीसाठी जाते, म्हणून तिथले चढउतार निराळ्या वेळापत्रकाने होतात. काठावरच्या दगडांवर ओलसर काळा पट्टा दिसला तर पाणी नुकतेच उतरले आहे. पानशेतच्या फुगवट्यावरील एका वयस्क मच्छीमारमामांनी याबाबत फार नेमके सांगितले होते: ‘पाणी पाय काढतंय तोवर मासा काठाला यायचा नाय, साहेब. थारावलं की बघा.’ पाणी उतरत असेल तर उथळ उतारावरून निघून जिथे काठ एकदम तुटतो किंवा जुन्या ओढ्याची घळ पाण्याखाली जाते, अशा जागी जावे.

हवामानाबाबत एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. परदेशी सल्ल्यात हवेचा दाब घसरला की मासा खातो आणि चढला की बंद होतो, असे ठासून सांगितलेले असते, आणि लोक मोबाइलवर दाबाचा आलेख पाहत बसतात. आपल्या अक्षांशांवर दाब रोजच दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वाधिक असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. उन्हाळ्यात हा रोजचा फरकच ३ ते ४ हेक्टोपास्कलपर्यंत जातो. म्हणजे दुपारी दाब घसरलेला दिसला, तर त्यात वादळाची वर्दी असेलच असे नाही. आलेखापेक्षा ढग, वारा आणि पाण्याचा रंग या तीन गोष्टी पाहाव्यात. त्या डोळ्यांना दिसतात आणि ल्यूर निवडण्यासाठी प्रत्यक्ष उपयोगी पडतात.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

*दोरा आणि जोडणी.* तंगूस (नायलॉनचा दोरा) वर्षभर उन्हात राहिला की कडक आणि ठिसूळ होतो. रिळावरून सुटल्यावर स्प्रिंगसारखी वेटोळी दिसली तर तो बदलण्यास झाला आहे. नितळ पाण्यात जाड दोरा माशाला दिसतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो लहान ल्यूरची चाल मारतो. मोठा पितळी स्विव्हल (फिरती जोडकडी) आणि जड स्नॅप (ल्यूर अडकवण्याची उघडबंद कडी) लावलेला दोन इंची मिनो थरथरण्याऐवजी नाक खाली घालून येतो. लहान स्नॅप वापरावा किंवा सरळ फासगाठ घालावी. ब्रेडेड लाइन (विणलेला दोरा) असेल तर तिच्या पुढे दीड-दोन हात फ्लोरोकार्बनचा (पाण्यात कमी दिसणाऱ्या दोऱ्याचा) लीडर, म्हणजे ल्यूरकडचा तुकडा, जोडावा. खडकावर घासून तुटणेही त्याने कमी होते. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी, कोरडी आवळली की उष्णतेने तंगूस तिथेच कमकुवत होतो.

*ल्यूर बदलणे.* ही तपासणी इतकी खाली ठेवण्याचे कारण म्हणजे बहुतेक जण नेमकी इथूनच सुरुवात करतात आणि लक्ष्मी रस्त्यावर पैठणी निवडावी तितका वेळ रंगावर घालवतात. बदलाचा क्रम आकार, मग प्रकार आणि शेवटी रंग असा असावा.

स्वच्छ आभाळ, कडक ऊन आणि नितळ पाणी असेल तर आकार एक पायरीने कमी करावा. दोन-अडीच इंची, चंदेरी, पाठीला हिरवट किंवा करडा असा मिनो किंवा बारीक स्पून पुरेसा आहे, कारण त्या काळात काठाची मासळीही तेवढीच आणि तशीच असते. आभाळ भरून उकाडा वाढला, वळिवाची चिन्हे दिसू लागली, की प्रकाश कमी झाल्याने मासा वर येतो. तेव्हा पॉपर (पृष्ठभागावर पाणी उडवत येणारा ल्यूर) किंवा पृष्ठभागावर चालणारा, पेन्सिलसारखा लांबट पेन्सिल बेट लावावा. ही वेळ उत्तम असते आणि धोक्याचीही. त्याविषयी पुढे सांगितले आहे. जोरदार सर पडून गेल्यावर ओढ्यांचे तांबूस पाणी जलाशयात शिरते. अशा पाण्यात मासा डोळ्यांपेक्षा अंगावरील पार्श्वरेषेने (पाण्यातील कंपने टिपणाऱ्या रेषेने) हालचाल ओळखतो, म्हणून मोठ्या पात्याचा स्पिनर किंवा आतून खुळखुळणारा क्रँकबेट चालतो. रंग सोनेरी, भडक पिवळा किंवा सरळ काळा घ्यावा. काळ्या रंगाची आकृती गढूळ पाण्यात सर्वांत ठळक दिसते. लाल रंग मात्र खोल थरासाठी निवडू नये, कारण पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते आणि लाल ल्यूर खाली करडा दिसतो. गढूळ आणि स्वच्छ पाण्याच्या सीमेवर, स्वच्छ बाजूला उभे राहून फेकणे अधिक फलदायी असते.

वळिवानंतरचा लख्ख, थंडावलेला दिवस हा चौथ्या लक्षणाचा खरा दिवस. पाणी पृष्ठभागावर थंड झालेले असते, प्रकाश प्रखर असतो आणि मासा खोल जाऊन बसलेला असतो. लहान जिग (शिशाचे वजन असलेला गळ) किंवा सॉफ्ट प्लास्टिक (मऊ, रबरासारखा ल्यूर) तळाशी नेऊन थांबत-थांबत ओढणे हा एकच उपाय त्यातल्या त्यात लागू पडतो. तोही न चालल्यास पाणी पुन्हा तापेपर्यंत वाट पाहावी.

रीळ

मासा लागून सुटत असेल तर ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरा ठरावीक ताणाने सुटू देणारी रिळातील यंत्रणा, तपासावा. ल्यूरची कडी हाताने धरून ओढल्यावर दोरा अडखळत न सुटता एकसारखा सुटावयास हवा. तो झटक्याझटक्याने सुटत असेल, तर ड्रॅगच्या चकत्यांत वाळू शिरली आहे किंवा ड्रॅग पूर्ण आवळून ठेवल्याने त्या दबल्या आहेत. वरचे बटण काढून चकत्या कोरड्या फडक्याने पुसणे घरी जमते. रिळाच्या आतील दाते, बेअरिंग किंवा हँडल उलटे फिरू न देणारी कळ बिघडली असेल, तर रीळ उघडू नये. त्यातील स्प्रिंग आणि पातळ वॉशर एकदा निसटले की जागचे जागी बसवणे कठीण असते. अशी रिळे दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडेच ती द्यावी. काठीच्या कडीतील चिनीमातीचे कडे तडकले असेल तेव्हाही तोच मार्ग धरावा, कारण त्या तड्यावर नवा दोरा दर फेकीला कापला जातो.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

वीज. वळिवाआधीचा तास मासेमारीला उत्तम असल्यामुळेच माणूस काठ सोडायला तयार होत नाही. कार्बनची काठी विजेची वाहक आहे आणि उघड्या काठावर ती हातात उभी धरणे म्हणजे संकटाला निमंत्रण. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर काठी आडवी ठेवून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे. झाडाखाली थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे परत येऊ नये. पुण्यातील पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते; ते मोबाइलवर असावे, पण फुगवट्याच्या बाजूला अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून कान आणि डोळे यांवरच भिस्त ठेवावी.

गळ शरीरात रुतणे. गळाचा काटा कातडीच्या आत गेला असेल, तर तो उलटा ओढू नये. ल्यूर कात्रीने किंवा पकडीने गळापासून वेगळा करावा, जखम न हलवता झाकावी आणि डॉक्टरकडे जावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत तेच ठरवतील. डोळ्याजवळ, मानेत किंवा बोटाच्या सांध्यात गळ रुतला असेल, तर तो काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये आणि थेट रुग्णालय गाठावे. तिहेरी गळाची उरलेली टोके चिकटपट्टीने गुंडाळली, तर प्रवासात दुसरी इजा होत नाही.

पाण्याची स्थिती. पहाटे बरेच मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करताना दिसले किंवा मेलेले मासे काठाला लागलेले आढळले, तर हा ल्यूरचा प्रश्न राहत नाही. पाण्यातील प्राणवायू घटला आहे किंवा पाण्यात काही मिसळले आहे. मासेमारी तिथेच थांबवावी, ते मासे खाण्यासाठी उचलू नयेत आणि स्थानिक मच्छीमार संस्थेला व जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला जागा, वेळ आणि छायाचित्रांसह कळवावे.

महसीर लागला असेल तर त्याला जागच्या जागी सोडावे. महसीरच्या टॉर खुद्री या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये याच मुळा-मुठेच्या परिसरातील माशांवरून केले होते. तापलेल्या पाण्यात फार वेळ झुंजवलेला मासा सोडल्यावरही मरतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये दोरा पुरेसा मजबूत घ्यावा, मासा लवकर काठाला आणावा, पाण्याबाहेर न काढता पकडीने गळ सोडवावा आणि तो स्वतःहून हातातून निघेपर्यंत प्रवाहाकडे किंवा लाटांकडे तोंड करून त्याला धरून ठेवावे. दुपारी पाणी हाताला कोमट लागत असेल, तर त्या दिवशी महसीरच्या जागेवर ल्यूर टाकूच नये.